दूरदेशीचे गिऱ्हाईक आणि पैशाची खातरजमा

शेतमालाचा सौदा कोठे पुरा होतो, असा प्रश्न केला असता पुष्कळ शेतकरी बंधू 'काट्यावर' असे उत्तर देतील. माल तोलला, वजन चिठ्ठीवर चढले, गाडी निघाली, की सौदा झाला असे आपण समजतो. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने पाहता तोल झाला म्हणजे सौद्याचा निम्माच भाग उरकलेला असतो. राहिलेला निम्मा भाग म्हणजे मालाची किंमत आपल्या हाती किंवा आपल्या खात्यात पोचणे हा होय. गिऱ्हाईक जोवर समोर उभे असे, तोवर हे दोन्ही भाग एकाच आवारात, बहुधा एकाच दिवशी, पुरे होत. हल्ली ती स्थिती राहिलेली नाही.

बालाघाटच्या डोंगराळ भागातील सीताफळ, गेवराई-माजलगावकडील कापूस, केज-अंबाजोगाईकडील तूर व सोयाबीन, उस्मानाबादी शेळ्या, वापरलेले ट्रॅक्टर व मळणीयंत्रे यांची जाहिरात आज मोबाईलवरून क्षणात दूरवर जाते. आणि दुबई, लंडन किंवा सिंगापूर येथून बोलतो असे सांगणारे गिऱ्हाईक ऑनलाइन लिलावात बोली लावून माल मागते. हा लाभ लहान नाही. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा उपयोग तरी हाच, की दूरच्या गिऱ्हाइकाने नाव घेऊन माल मागावा. गावच्या एकाच खरेदीदाराच्या तोंडाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्यास दुसरे गिऱ्हाईक लाभले, तर त्याचे बळ वाढते. परंतु ज्या वाटेने चांगले गिऱ्हाईक येते, त्याच वाटेने ठकही येतो. आणि त्याने एकदा हात मारला, म्हणजे केवळ पैसा जातो असे नाही, तर दूरच्या बाजारावरचा शेतकऱ्याचा विश्वासही जातो आणि तो पुन्हा पहिल्याच खरेदीदाराच्या दारी जाऊन उभा राहतो. सबब या विषयाचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

या लेखात आम्हांस मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. दूरच्या माणसाची परीक्षा त्याच्या बोलण्यावरून करता येत नाही. त्याच्या पैशाच्या चालीवरून मात्र करता येते. जो पैसा खरोखर आपल्याकडे यावयाचा आहे, तो येण्यापूर्वी आपल्याकडून काही मागत नाही. हे तत्त्व मनात पक्के बसले, तर पुढे वर्णिलेल्या बहुतेक सर्व लबाड्या दारातच ओळखू येतील.

जुनी जामीनकी

दूरच्या माणसाशी व्यापार ही काही आजची गोष्ट नव्हे. रेल्वे व बँका येण्याच्या पूर्वीही मराठवाड्यातील माल शेकडो कोस जात असे आणि त्याचा पैसा हुंडीने येत असे. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत. मुदती हुंडीचे ठरल्या दिवसांनी मिळत. 'शहाजोग' म्हणून जो हुंडीचा प्रकार होता, त्यात पैसे कोणाही आणून दाखविणाऱ्यास न देता बाजारात पत असलेल्या सावकारासच देण्याचा करार असे. याचा अर्थ असा, की कागद खरा असला तरी तेवढ्याने भागत नसे. कागद आणणारा कोण, हे बाजारास ठाऊक असावे लागे.

पुढे ही जामीनकी कायद्याने घेतली. बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात असता १९३० साली तेथे शेतमालाच्या बाजारांविषयी कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार कायदा आला. या व्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत व त्यांची चर्चा वेळोवेळी होत आली आहे. तथापि परवानाधारक अडत्या पळाला, तर निदान त्याचे नाव, गाळा व परवाना कोणास तरी ठाऊक असतो. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय बाजाराच्या ऑनलाइन लिलावातही बाजार समिती मध्ये असते व बोली लावणारा नोंदलेला असतो. त्याच वर्षी महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्याची मोकळीक मिळाली. मोकळीक चांगली, परंतु आवाराच्या भिंतीबाहेर पडताना भिंतीचा आडोसाही सुटतो, हे विसरता कामा नये. खुल्या जाहिरातींच्या किंवा लिलावांच्या जागी विक्रेता व खरेदीदार यांच्या मध्ये उभा राहणारा कोणीच नसतो. तेथे जामीन आपला आपणच व्हावयाचे असते.

लबाडीच्या चार वाटा

पहिली वाट पैसे देण्याच्या नावाने घेण्याची. समजा, एका शेतकऱ्याने चार शेळ्या चाळीस हजारांस विकावयास काढल्या. फोनवरचे गिऱ्हाईक घासाघीस न करता भाव कबूल करते. आपण सैन्यात आहो, परप्रांती नेमणूक आहे, किंवा परदेशी असून गावाकडच्या भावासाठी घेतो आहो, असे ते सांगते. मग ते एक क्यूआर, म्हणजे चौकोनी ठिपक्यांचे चित्र, पाठवून म्हणते, 'हे स्कॅन करा व पिन टाका, की पैसे जमा होतील.' येथेच सारे मर्म आहे. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही व चित्रही स्कॅन करावे लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, किंवा आपल्या खात्यातील शिल्लक पाहण्यासाठी. ज्या क्षणी आपण पिन टाकला, त्या क्षणी चाळीस हजार आपल्या खात्यातून गेले. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या रीती सांगणारी एक पुस्तिका काढली, तीत ऑनलाइन विक्रीच्या जागी खरेदीदार बनून होणारी ही फसवणूक स्वतंत्रपणे वर्णिली आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशाची मागणी पाठविण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, त्यामुळे एक दार लागले. परंतु व्यापाऱ्याच्या नावाने येणारी मागणी व क्यूआर ही दारे उघडीच आहेत.

दुसरी वाट खोट्या पावतीची. गिऱ्हाईक पैसे पाठविल्याचे चित्र व्हॉट्सॲपवर धाडते, किंवा बँकेच्या संदेशासारखाच हुबेहूब मजकूर आपल्या मोबाईलवर येतो, आणि 'गाडी दारात उभी आहे, माल लवकर भरा' अशी घाई होते. असली चित्रे तयार करणारी बनावट ॲपे आहेत. बँकेचा संदेश बँकेच्या ठरावीक नावाने येतो, कोणाच्या दहा आकडी मोबाईल क्रमांकावरून येत नाही. परंतु एवढ्या खुणेवरही विसंबू नये. पैसा आला की नाही, हे गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाहावयाचे नसून आपल्या बँकेच्या खात्यात पाहावयाचे. धनादेशाचेही तसेच आहे. खात्यात धनादेश भरल्याची चिठ्ठी म्हणजे पैसे नव्हेत. तो वटून रक्कम जमा झाली म्हणजेच पैसे. परदेशी बँकेचा धनादेश तर वसुलीसाठी परत त्या देशी जातो व त्यास कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर माल रोखून धरण्यात गैर काही नाही.

तिसरी वाट जास्त पैसे पाठविण्याची. ही युक्ती परदेशी लिलावांत फार जुनी आहे व आपल्याकडेही रूढ झाली आहे. गिऱ्हाईक साठ हजारांच्या मालास नव्वद हजार पाठविल्याचे सांगते आणि म्हणते, 'चुकून जास्त गेले. वरचे तीस हजार माझ्या वाहतूकदाराच्या खात्यावर टाका.' कित्येकदा नव्वद हजार आलेलेच नसतात. कधी धनादेशाने तात्पुरते आलेले असतात व तो न वटता परत जातो. आणि कधी, हा प्रकार सर्वांत वाईट, ते खरोखरच आलेले असतात, पण दुसऱ्या कोणास फसवून त्याच्या खात्यातून आणलेले असतात. त्या बिचाऱ्याने तक्रार केली, म्हणजे पोलीस पैशाचा माग काढीत आपल्या खात्यापर्यंत येतात व रक्कम, कधी सारे खातेच, गोठविले जाते. पीककर्ज, विम्याची भरपाई, दुधाचा पगार, सारे ज्या खात्यात येते, तेच बंद पडले तर त्या घराची काय अवस्था होते, हे सांगावयास नको. म्हणून अनोळखी किंवा जास्तीचा पैसा आला, तर तो आपण होऊन कोणासही परत पाठवू नये. बँकेस लेखी कळवावे व जेथून आला तेथेच बँकेमार्फत जाऊ द्यावा. आणि प्रत्येक विक्रीची सौदापावती, वजनाची चिठ्ठी व बिल्टी जपून ठेवावी. खात्यातला पैसा मालाचाच आहे, हे दाखविण्यास दुसरे साधन नाही.

चौथी वाट मोठ्या लाभाच्या आधी लहान खर्चाची. पाच रुपयांच्या ज्या नोटेवर ट्रॅक्टरने नांगरणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र आहे, ती नोट पुष्कळांच्या घरी असेल. ही नोट किंवा अमुक सालचे नाणे परदेशी संग्राहक लाखो रुपयांस लिलावात घेतात, अशा जाहिराती मोबाईलवर फिरतात. नोटेचे चित्र पाठविताच गिऱ्हाईक मिळते. आणि मग नोंदणी, कर, दलाली, 'रिझर्व्ह बँकेची परवानगी' अशा नावांनी हजार, पाच हजार, वीस हजार असे पैसे मागितले जातात. लाख रुपये मात्र कधीच येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून स्पष्ट केले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही, आणि तिच्या वतीने असे शुल्क घेण्याचा अधिकार तिने कोणासही दिलेला नाही.

याच वाटेचा दुसरा फाटा विशेषतः शेतीशी संबंधित दिसतो म्हणून सांगतो. परदेशातील औषधांच्या कंपनीत आहो असे म्हणणारी एखादी व्यक्ती ओळख वाढविते, आणि अमुक वनस्पतीचे बी किंवा तेल हिंदुस्थानातील एका पुरवठादाराकडे स्वस्त मिळते, ते तुम्ही घेऊन आमच्या कंपनीस दुप्पट-तिप्पट भावाने द्या, असे सुचविते. पुरवठादाराचा पत्ताही तीच देते. पहिला नमुना थोडक्या पैशांत येतो व कंपनीचा 'तपासनीस' तो पसंतही करतो. मग मोठी मागणी येते, मोठी रक्कम पुरवठादारास जाते, आणि त्यानंतर कंपनी, तपासनीस व पुरवठादार हे तिघेही नाहीसे होतात. कारण ते तिघे एकाच टोळीचे असतात. असे प्रकार मुंबई-पुण्यासारख्या शहरांत शिकलेल्या लोकांच्या बाबतीतही घडले आहेत. ज्यास आपला माल नको असून दुसऱ्याचा माल आपल्या पैशाने विकत घ्यावयास हवा आहे, ते गिऱ्हाईकच नव्हे, हे ध्यानात धरावे.

निर्यातीतील विशेष धोके

वर सांगितलेल्या लबाड्या ठकांच्या झाल्या. खरी निर्यात करणाऱ्या शेतकऱ्याने, किंवा शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीने, याहून सूक्ष्म धोके ओळखले पाहिजेत.

प्रथम हे की, परदेशी माल पाठविण्यास आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे आय.ई.सी., लागतो, आणि फळे-भाजीपाल्यासारख्या मालास अपेडा या संस्थेकडे नोंदणी व वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. जे परदेशी गिऱ्हाईक यांपैकी कशाचीही विचारपूस न करता 'तुम्ही फक्त खाते क्रमांक द्या' म्हणते, त्यास मालाशी कर्तव्य नाही असे समजावे. परदेशी व्यापाऱ्याचा पैसा सामान्यतः बँकेमार्फत परकीय चलनात येतो. आपली बँक तो कशाबद्दल आला ते विचारते, आपला आकार त्याच रकमेतून कापून घेते व बाकी जमा करते. 'तुमचे दहा हजार डॉलर रिझर्व्ह बँकेत अडकले आहेत, सुटण्यासाठी प्रमाणपत्राची फी भरा' असे पत्र कितीही मोठ्या शिक्क्याचे असले, तरी ते खोटेच. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाची खाती ठेवीत नाही.

दुसरे पतपत्राविषयी. पतपत्र म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेने दिलेले असे वचन, की ठरलेले कागद ठरल्या मुदतीत बरोबर सादर झाल्यास पैसे आम्ही देऊ. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे यूसीपी ६०० हे नियम १ जुलै २००७ पासून याला लावले जातात. पतपत्र हे फार चांगले साधन आहे; परंतु ते आपल्या बँकेकडे बँकांच्या आपसांतील सुरक्षित तारेने आले पाहिजे व आपल्या बँकेने ते खरे असल्याचे सांगितले पाहिजे. गिऱ्हाइकाने ई-मेलने परस्पर पाठविलेली पतपत्राची प्रत ही केवळ एक चित्र आहे. शिवाय पतपत्रातील अटी ओळीने वाचाव्या. 'गिऱ्हाइकाच्या प्रतिनिधीने सही केलेला तपासणीचा दाखला जोडावा' अशी अट आत असली, तर तो प्रतिनिधी सही करीपर्यंत आपला पैसा त्याच्याच मुठीत राहतो.

तिसरे मालाच्या नाशवंतपणाविषयी, आणि हे आमच्या सीताफळ उत्पादकांनी विशेष लक्षात घ्यावे. सीताफळ झाडावरून काढल्यावर थोड्याच दिवसांत पिकून मऊ पडते. ते परदेशी जावयाचे तर बहुधा विमानाने जाणार. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाचे जे जहाजी भरणापत्र असते, ते मालकीचा कागद असते. ते ज्याच्या हाती, माल त्याचा. म्हणून ते बँकेत अडवून ठेवले, तर पैसे भरल्याशिवाय गिऱ्हाइकास माल सोडविता येत नाही. विमानाच्या मालाची पावती तशी नसते. तीवर ज्याचे नाव माल घेणारा म्हणून घातले, तो आपली ओळख पटवून माल घेऊन जातो, पैसे दिले असोत वा नसोत. याकरिता नव्या गिऱ्हाइकास विमानाने माल पाठविताना एक तर सर्व रक्कम आधी घ्यावी, नाही तर त्या देशातील बँकेची संमती मिळवून माल घेणारा म्हणून त्या बँकेचे नाव घालावे. 'निम्मे आधी, निम्मे माल पोचल्यावर' हा करार फळांच्या बाबतीत फसवा आहे. कारण माल पोचल्यावर 'अर्धा सडला' असे एक वाक्य लिहिले, की राहिलेले निम्मे बुडाले. इतक्या दूर जाऊन कुजके फळ पाहणार कोण?

चौथे सवयीच्या सापळ्याविषयी. काही गिऱ्हाइके पहिल्या दोन-तीन लहान खेपांचे पैसे अगदी वेळेवर देतात. विश्वास बसला, म्हणजे चौथी खेप पाचपट मोठी मागतात व ती उधारीवर मागतात. पहिल्या खेपांचे पैसे हे त्यांच्या दृष्टीने भांडवल असते. म्हणून उधारीची मर्यादा मागील व्यवहार किती गोड झाले यावरून ठरवू नये. ही रक्कम सबंध बुडाली तरी आपले घर चालेल काय, यावरून ठरवावी. १९५७ साली स्थापन झालेली ई.सी.जी.सी. ही निर्यात-पत विम्याची सरकारी कंपनी परदेशी गिऱ्हाईक बुडाल्यास किंवा पैसे थकविल्यास नुकसानीचा मोठा भाग भरून देते, व विमा उतरताना त्या गिऱ्हाइकाच्या पतीची चौकशीही करते. ही चौकशीच कित्येकदा विम्याहून मोलाची ठरते. मात्र मालाच्या प्रतीविषयी तंटा निघाला, तर न्यायालयात आपली बाजू सिद्ध होईपर्यंत हा विमा साधारणपणे उपयोगी पडत नाही. यास्तव माल भरण्याच्या वेळची छायाचित्रे, वजने व तपासणीचे दाखले ठेवणे अवश्य आहे.

पाचवे ई-मेलमधील घुसखोरीविषयी. येथे गिऱ्हाईकही खरे असते व विक्रेताही. पण तिसराच कोणी दोघांपैकी एकाच्या पत्रव्यवहारात शिरतो आणि ऐन पैसे देण्याच्या वेळी 'आमचे बँकखाते बदलले आहे, आता या खात्यावर पाठवा' असे हुबेहूब पत्र पाठवितो. पत्त्यातील एखादेच अक्षर निराळे असते. गिऱ्हाईक पैसे भरते, ते भलत्याकडे जातात, आणि माल गेलेला शेतकरी हात चोळीत बसतो. उपाय सोपा आहे. खाते क्रमांक करारातच घालावा, आणि तो बदलल्याचे पत्र आमच्याकडून आल्यास पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारल्याशिवाय मानू नये, असे गिऱ्हाइकास सुरुवातीसच लिहून द्यावे.

ओळखण्याच्या खुणा

वरील विवेचनावरून ज्या खुणा निघतात, त्या सोयीसाठी एकत्र देतो.

१. माल न पाहता, प्रत न विचारता, घासाघीस न करता भाव कबूल होणे. खरा व्यापारी आधी मालात खोड काढतो.
२. पैसे मिळण्यासाठी पिन, ओटीपी, क्यूआर स्कॅन किंवा एखादे ॲप उतरवून घेणे यांपैकी काहीही मागणे.
३. पैसे मिळण्याआधी फी, कर, विमा, दलाली किंवा वाहतूक यांच्या नावाने काहीही रक्कम मागणे.
४. ठरल्यापेक्षा जास्त पाठवून वरचे परत किंवा तिसऱ्याच्या खात्यावर मागणे.
५. बोलणारा एका नावाचा, खाते दुसऱ्या नावाचे, माल न्यावयास येणारा तिसऱ्या नावाचा असणे.
६. फोन क्रमांक परदेशी आहे एवढ्यावर तो मनुष्य परदेशी आहे असे भासविणे. असे क्रमांक येथे बसूनही मिळविता येतात.
७. गणवेशातील छायाचित्र, ओळखपत्र, देवाची शपथ, आजारी आईची हकीकत. पैशाच्या व्यवहारास यांपैकी कशाचीही गरज नसते.
८. घाई. 'आत्ताच करा, नाही तर सौदा गेला.' जो सौदा एक रात्र थांबू शकत नाही, तो जाऊ द्यावा.

यांपैकी एक खूण दिसली तर थांबावे. दोन दिसल्या तर फोन ठेवावा. भिडेस्तव बोलत राहू नये. समोरच्या गिऱ्हाइकास उठवून लावणे आपल्या रीतीस धरून नाही हे खरे, पण ठकाचे भांडवल आपली ही भीडच असते.

फसगत झाल्यास

इतकी सावधगिरी बाळगूनही फसगत झाली, तर पहिला विचार लाजेचा करू नये, वेळेचा करावा. ठकाच्या हाती गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा वेगाने धावतो. तो रोख काढला जाण्यापूर्वी वाटेत अडविता आला तरच परत मिळण्याची आशा असते. याकरिता केंद्र सरकारने १९३० हा दूरध्वनी क्रमांक ठेविला आहे. आमच्या भागात बाजाराचा पहिला कायदा झाला तेच साल, असे ध्यानात ठेविल्यास आकडा विसरणार नाही. या क्रमांकावर कळविताच ज्या ज्या बँकांत रक्कम गेली असेल, त्यांस ती अडविण्याची सूचना जाते. त्याच वेळी आपल्या बँकेस कळवावे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, आणि पोलीस ठाण्यात जाऊन ती लेखी द्यावी. संदेश, फोन क्रमांक, क्यूआरचे चित्र, व्यवहाराचा क्रमांक यांतील काहीही रागाच्या भरात पुसून टाकू नये, तोच पुरावा. फसवणुकीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात येतो, आणि दुसऱ्याचे सोंग घेऊन मोबाईल-संगणकाद्वारे फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे.

बँकेची जबाबदारी किती, याविषयी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेले तत्त्व असे, की ग्राहकाचा दोष नसता तिसऱ्याने पैसे काढले व ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांच्या आत कळविले, तर नुकसान त्याच्यावर पडू नये; परंतु ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असल्यास, बँकेस कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचेच. म्हणजे वर वर्णिलेल्या पुष्कळ प्रकारांत कायदा ठकास शिक्षा देईल, पण आपला पैसा आणून देईलच असे नाही. यावरून सावधपणाचे मोल कळावे.

फसवणुकीनंतर आणखी एक फसवणूक येते, तीही सांगून ठेवतो. काही दिवसांनी 'तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, थोडा खर्च भरा' असा फोन येतो. तो बहुधा त्याच टोळीचा असतो.

संघाने काय करावे

आमच्या मते या कामी एकेकट्या शेतकऱ्याच्या हुशारीवर भिस्त ठेवणे पुरेसे नाही. रात्री नऊ वाजता, दिवसभर तोडणी करून थकलेल्या माणसास फोन येतो. त्या वेळी शहाणाही चुकतो. म्हणून गावोगावच्या शेतकरी संघांनी व उत्पादक कंपन्यांनी तीन गोष्टी कराव्या अशी आमची सूचना आहे.

एक, बँकेचे व्यवहार नीट जाणणारा एक मनुष्य प्रत्येक गावी नेमावा, आणि अनोळखी गिऱ्हाइकाशी दहा हजारांवरचा सौदा त्यास विचारल्यावाचून करावयाचा नाही, असा सभासदांनी आपसांत नियम ठेवावा. दोन, ज्या क्रमांकांवरून व ज्या नावांनी असे फोन आले, त्यांची वही ठेवावी व मासिक बैठकीत ती वाचून दाखवावी. एकास आलेला फोन शेजाऱ्यासही येतो. तीन, परदेशी विक्री शक्य तोवर एकेकट्याने न करता उत्पादक कंपनीच्या नावाने करावी. निर्यातीचा संकेतांक, बँकेतील पतपत्राचा अनुभव, विमा व करार यांचा खर्च एकट्यास परवडत नाही. शंभर जणांस परवडतो. पूर्वी पत असलेला सावकार जी जामीनकी करी, ती आज शेतकऱ्यांच्या स्वतःच्या संस्थेने करावयाची आहे.

दूरचा बाजार सोडून देण्याचा सल्ला आम्ही देत नाही. चांगल्या मालास लांबचे गिऱ्हाईक मिळावे व त्याने पुरा भाव द्यावा, हा शेतकऱ्याचा हक्कच आहे. फक्त काट्यावर वजन पाहताना जी नजर आपण लावतो, तीच नजर पैशावरही लावावी. रास रात्रभर खळ्यावर राहिली म्हणून कोणाचे घर बुडाले नाही. पैसे न पाहता उचलू दिली म्हणून पुष्कळांचे बुडाले आहे. खात्यात रक्कम दिसली, बँकेने ती पक्की असल्याचे सांगितले, मग गाडीस दोर बांधावा.